आमची वाटचाल : स्टेंटरची साखळी

इचलकरंजीत मागाचे पार्ट करणारे गल्लोगल्ली सापडतील. स्टेंटर म्हणजे कापड दोन्ही काठांना धरून, ताणून गरम चेंबरमधून नेणारं मशीन; प्रत्येक काठाला एक साखळी. त्या साखळीला मात्र आम्ही सुरू केलं तेव्हा कोणी हात लावत नसे. माल अहमदाबादहून यायचा, तोवर प्रोसेस बंद. आमच्याकडे एक जुना लेथ, एक ड्रिल आणि पत्र्याची शेड. साखळीच्या कड्या, कापड पकडणाऱ्या पिनप्लेट, क्लिपचे फ्लॅप करत गेलो. पहिली बारा वर्षं बरी गेली.

मग ज्याला मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर धरायला शिकवला, तो आमचाच फिटर ड्रॉइंगची फाइल घेऊन गेला. दोन गल्ल्या सोडून शेड टाकली, भाव पाऊणपट. वर्षभरात अकरा पार्ट्यांतल्या दोन उरल्या. मिलिंग मशीन टेम्पोत चढवत होते तेव्हा मी शेडमागे जाऊन उभा राहिलो.

उरलेल्या दोघांत एक अण्णा. तेही त्याच्याकडे गेले होतेच, पण फक्त एका बाजूपुरते. डावीकडे आमची जुनी साखळी, उजवीकडे त्याची नवी. रात्री अकराला फोन : "लेका, चेक्स तिरकं यायलंय. ये बघू."

तागा फरशीवर पसरून काठाला गुण्या लावला. आडवी रेघ दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत तीन सेंटिमीटर सरकलेली. दोन्हीकडच्या दहा-दहा कड्या मोजल्या. कडीमागे दशांश मिलिमीटरचा फरक, आणि चेंबरमधून एका वेळी तीनशे कड्या चालतात. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून सांगतो, साखळी बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम बदला. आणि तिला वाटेल ते तेल पाजू नका. १८०-२०० डिग्रीला साधं तेल जळतं, पॉलिएस्टरवर काळे ठिपके पडतात आणि तुम्ही डाईंगवाल्याला शिव्या घालता.

अण्णांनी दोन्ही बाजूंची ऑर्डर दिली, निम्मे पैसे आगाऊ. नव्वद दिवसांच्या उधारीला रोख म्हणणाऱ्या या गावात आगाऊ! त्यावर बँकेचे थकलेले हप्ते भरले. आज संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, चौदा माणसं आहेत.

तो फिटर अजून चहाच्या गाड्यावर भेटतो. म्हणतो, "मालक, माझी कडी मापातच होती. तुमची झिजलेली."

झिजली होतीच, सहा वर्षं चालली होती. पण नवी बसवण्याआधी जुनी मोजायची असते, हेही मीच त्याला शिकवलं होतं.