झाडांसारखी माणसं

रविवार, रात्री

आजचा शास्त्रपाठ मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला होता, बेथसैदाच्या आंधळ्याचा. संदेशात पाळकसाहेब म्हणाले, "आंधळ्याला दृष्टी मिळाली तरी लगेच नीट दिसत नाही, आता विज्ञानही हेच सांगू लागलंय." माना डोलल्या. मला मात्र ते वाक्य खटकलं. शुभवर्तमानाला प्रयोगशाळेचा शिक्का कशाला लागतो? आणि विज्ञान सांगतंच आहे, तर नेमकं काय सांगतं ते तरी मंडळीला कळू द्या. जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसले ती याच तिरमिरीत.

गोष्ट फक्त मार्कमध्येच आहे. मत्तय आणि लूक ती घेत नाहीत. का, याचा अंदाज येतो, कारण पहिल्या फटक्यात पूर्ण न झालेला हा चमत्कार आहे. येशू त्या माणसाला हाताला धरून गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? बरं करून झाल्यावर अशी विचारपूस मला तरी दुसरीकडे कुठे आठवत नाही. तो माणूसही भिडेखातर 'हो प्रभू, सगळं दिसतंय' म्हणत नाही. माणसं दिसतायत, म्हणतो, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं.

आता विज्ञान. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर जर्मनीतल्या ट्युबिंगेनला शिकत होता तेव्हा त्याला व्हायचं होतं धर्मोपदेशक. १६०४ साली त्याने मांडलं की डोळ्यातून आत येणारा प्रकाश मागच्या पडद्यावर बाहेरच्या जगाची प्रतिमा उमटवतो, आणि तीही उलटी. पुढे ख्रिस्तोफ शायनर या जेझुइट फादरने जनावराच्या डोळ्याचं मागचं आवरण काढून ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. केप्लर लूथरन म्हणजे प्रोटेस्टंट, शायनर जेझुइट म्हणजे कॅथलिक, पण डोळ्याच्या बाबतीत दोघांचं एकमत! केप्लर मात्र पडद्यापाशी थांबला. त्या उलट्या चित्राचं पुढे 'दिसणं' कसं होतं, हे त्याने तत्त्वज्ञांवर सोपवलं.

जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांची गोष्ट नेमकी तिथून सुरू होते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये आपल्याकडच्या अशा मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात आणि त्यानंतर ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास होतो. २०११ साली त्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पट्टी निघाल्यावर मुलांच्या हातात ठोकळ्यासारखी वस्तू दिली, मग दोन वस्तू समोर ठेवून विचारलं, मघाशी हातात होती ती यातली कुठली? हाताने चाचपून हातानेच ओळखायचं असेल तर मुलं क्वचितच चुकत. डोळ्यांनी पाहून डोळ्यांनी ओळखणंही चांगलं जमत होतं. पण हाताने चाचपलेलं डोळ्यांनी ओळखायचं म्हटलं की १०० पैकी साधारण ५८ वेळा बरोबर, म्हणजे नाणं उडवून उत्तर दिल्यासारखंच. काही दिवसांतच मात्र ती लक्षणीय सुधारली.

मला याहून जास्त आवडला तो त्यांच्याच गटाचा २००९चा अभ्यास. एकमेकांवर आलेले आकार या मुलांना सुटे करता येईनात. जिथे रंग बदलला किंवा रेघ आली तिथे त्यांच्या लेखी नवी वस्तू. पण तेच आकार हलवून दाखवले की कुठलं कशाचं ते कळायचं. हे वाचलं आणि बेथसैदाचा माणूस पुन्हा आठवला. दिसायला झाडं, पण चालतायत, म्हणजे माणसंच असणार. हलण्यावरूनच त्याने ताडलं!

तरी पाळकसाहेबांचं म्हणणं मी मान्य करणार नाही. तो माणूस जन्मांध होता असं मार्क कुठेही म्हणत नाही. झाड कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे पूर्वी कधीतरी त्याने पाहिलेलं असावं. त्या मुलांची अवस्था वेगळी. दोन्ही एकाच दाव्याला बांधले की शास्त्रही बिघडतं आणि शास्त्रपाठही.

मला यातून भावतं ते वेगळंच. डोळे उघडणं आणि दिसणं यांच्यात अंतर असतं, आणि ते असलं म्हणून काही बिघडलेलं नसतं. इंग्लंडमधल्या 'एस. बी.' नावाने नोंदलेल्या माणसाची हकिगत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरींनी १९६३मध्ये लिहिली. दहा महिन्यांचा असताना दृष्टी गेली, बावन्नाव्या वर्षी शस्त्रक्रियेने परत मिळाली. संग्रहालयात लेथ यंत्र समोर होतं, पण त्याला त्यातलं काही उमगेना. मग डोळे मिटून त्याने ते हातांनी चाचपलं आणि म्हणाला, आता दिसतंय. पुढे तो खिन्न होत गेला आणि दोनेक वर्षांत वारला. अशी साक्ष चर्चमध्ये कोण देणार? आपल्याला योहानाच्या नवव्या अध्यायातली साक्ष बरी वाटते, आंधळा होतो, आता दिसतं. साक्षीला उभं राहून 'मला अजून माणसं झाडांसारखी दिसतात' असं म्हणणारं मी तरी कुणी ऐकलेलं नाही.

आणि मार्कला ही गोष्ट नेमकी कशासाठी हवी होती, तेही आज कुणी सांगितलं नाही. त्याआधीच येशू नावेत शिष्यांवर चिडलेला आहे, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? आणि लगेच पुढे, फिलिप्पाच्या कैसरीयाच्या वाटेवर, शिष्यांपैकी पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. अगदी बरोबर उत्तर! पण येशू दुःख सोसण्याविषयी बोलू लागतो तसा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो आणि 'सैताना' असं ऐकून घेतो. पेत्राला ख्रिस्त दिसला होता, पण झाडासारखा. त्याला दुसऱ्यांदा हात लागायचा होता.

पुढच्या रविवारी संडे स्कूल माझ्याकडे आहे. वर्गाच्या पुस्तकात २२ ते २६ एवढ्याच ओव्या दिल्यात. मी १४ पासून ३३ पर्यंत सलग वाचून घेणार आहे. मोठी मुलं कुरकुरतील, धाकट्यांना थुंकण्याचं हसू येईल. येऊ दे. ठोकळे घरात आहेत, रुमालही आहे. डोळे बांधून चाचपायला लावीन, मग रुमाल सोडून नुसतं बघून ओळखायला सांगीन. त्यांना लगेच ओळखता येईल, कारण ती लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलीत. मग त्या पाच मुलांचं सांगेन.