‘एक्स्टेन्शन येतच नाही’: पुन्हा इन्स्टॉल करायला सांगण्याआधी

घरून काम करणारा कोणी कळवतो की ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) डाउनलोड होत नाहीये. हेल्पडेस्कचं ठरलेलं उत्तर जातं: काढा, पुन्हा टाका, कुकीज साफ करा. बहुतेक वेळा हा सल्ला फुकट जातो, कारण काढायला मुळात काही आलेलंच नसतं. वर कुकीज पुसल्याने त्याची बाकीची लॉगिनंही जातात आणि एका तिकिटाची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीची, तीन तिकिटं होतात.

आधी विचारा, कुठल्या ब्राउझरमध्ये? रिमोट डेस्कटॉप किंवा सिट्रिक्सवरून, म्हणजे घरून ऑफिसचा संगणक पडद्यावर उघडून, काम करणाऱ्यापुढे दोन क्रोम असतात: एक घरच्या लॅपटॉपवरचा, दुसरा ऑफिसच्या सर्व्हरवर चालणारा. दोघांचे आयकॉन सारखेच. ‘तुम्ही कुठे आहात?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही, म्हणून अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम://व्हर्जन टाइप करायला सांगा (अर्थात इंग्रजीत) आणि ‘प्रोफाइल पाथ’ची ओळ कॉपी करून मागवा. पाथमधल्या विंडोज युजरच्या नावावरून मशीन कळतं. शेवटच्या फोल्डरचं नाव ‘डिफॉल्ट’ आहे की ‘प्रोफाइल १’, त्यावरून प्रोफाइल, म्हणजे क्रोममधलं कुठलं खातं ते. ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये टाकलेलं एक्स्टेन्शन घरच्या प्रोफाइलमध्ये शोधणारे बरेच असतात. इन्कॉग्निटोमध्ये तर एक्स्टेन्शन आपणहून चालू होतच नाही, वेगळी परवानगी द्यावी लागते.

रोज सकाळी गायब होत असेल, तर व्हर्च्युअल डेस्कटॉप लॉगआउटला प्रोफाइल पुसतोय. युजरने शंभरदा टाकलं तरी काही फरक पडणार नाही. तिथे प्रोफाइल जतन करायची सोय अ‍ॅडमिननेच करायला हवी, नाहीतर एक्स्टेन्शन पॉलिसीतून, म्हणजे अ‍ॅडमिनने सगळ्या मशीनना लावलेल्या सेटिंगमधून, ढकलायला हवं.

पॉलिसीतून ढकलत असाल तर क्रोम://पॉलिसी हे पान उघडायला लावा आणि ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ ही ओळ आहे का बघा. ओळच नाही? मग डाउनलोडची चर्चा थांबवा, पॉलिसी मशीनपर्यंत पोचलेलीच नाही. विंडोजची ग्रुप पॉलिसी डोमेन कंट्रोलरकडून (ऑफिसची खाती आणि मशीनं सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) येते आणि व्हीपीएनशिवाय (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित दुव्याशिवाय) घरच्या मशीनला तो दिसत नाही. पॉलिसी आपोआप ताजी व्हायला साधारण ९० मिनिटं, वर आणखी ३० मिनिटांपर्यंत लागतात, आणि त्या वेळी व्हीपीएन चालू असायला हवं. जो माणूस दहा मिनिटांपुरतं व्हीपीएन लावून बंद करतो, त्याच्याकडे ती कित्येक दिवस जात नाही. आधी व्हीपीएन जोडा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीपीअपडेट /फोर्स’, मग त्याच पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’. क्रम महत्त्वाचा.

ओळ आहे पण एक्स्टेन्शन नाही, तर त्या ओळीतला एक्स्टेन्शनचा आयडी नीट वाचा. तो ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी ए ते पी एवढीच अक्षरं येतात. मध्ये आकडा किंवा झेड दिसला की कॉपी करताना गडबड झाली, पुढे शोधायची गरज नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेलं एक्स्टेन्शन विंडोजवर सक्तीने टाकायचं, तर मशीन ऑफिसच्या डोमेनला जोडलेलं किंवा क्रोमच्या क्लाउड व्यवस्थापनात नोंदवलेलं लागतं. माणसाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) हाताने नोंद केली, तरी क्रोम फक्त गूगलच्या वेब स्टोअरमधलीच एक्स्टेन्शनं घेतो. मग कोणीतरी ‘सीआरएक्स’ फाइल, म्हणजे एक्स्टेन्शनचं पॅकेज, मेल करतं, युजर ती ओढून खिडकीत टाकतो आणि ‘सीआरएक्स_रिक्वायर्ड_प्रूफ_मिसिंग’ असा संदेश येतो. फाइल खराब नाहीये, तिच्यावर स्टोअरची सही नाही. फाइल उघडून डेव्हलपर मोडमध्ये फोल्डर लोड करता येतं, पण त्याला अपडेट येत नाहीत, आणि लोकांना डेव्हलपर मोडची सवय लावणं मला तरी पटत नाही.

नेटवर्कची अडचण फसवी असते. वेब स्टोअरचं पान व्यवस्थित उघडतं, बटण दाबलं की ‘नेटवर्क_फेल्ड’. ‘साइट तर चालतेय’ या मुद्द्यावर नेटवर्क टीम आणि हेल्पडेस्क तासभर वाद घालतात. दोघांचंही खरं, कारण पान एका पत्त्यावरून येतं आणि पॅकेज दुसऱ्या: क्लायंट्स२.गूगल.कॉमकडे विचारणा होते आणि फाइल क्लायंट्स२.गूगलयूजरकंटेंट.कॉमवरून उतरते. प्रॉक्सीने (ऑफिसचं इंटरनेट ज्यातून जातं त्या मधल्या सर्व्हरने) यातला एक अडवला किंवा ‘सीआरएक्स’ हा फाइलप्रकारच रोखला, तर हेच दिसतं. खात्री दोन मिनिटांत होते: व्हीपीएन बंद, मोबाइलचा हॉटस्पॉट, पुन्हा प्रयत्न. आलं, तर दोष ऑफिसच्या प्रॉक्सीत किंवा घरच्या राउटरच्या फिल्टरमध्ये. मग फक्त व्हीपीएन बंद करून घरच्याच वायफायवर बघा, दोघांपैकी कोण ते कळेल. हॉटस्पॉटवरही नाही आलं, तर मशीनवरचा अँटिव्हायरस आणि घड्याळ बघा. तारीख चुकली की सर्टिफिकेटं अवैध ठरतात. (मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन्स जगभर बंद पडली तेव्हा युजरांची घड्याळं बरोबर होती, मोझिलाच्याच सर्टिफिकेटची मुदत संपली होती.)

सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार वेगळीच: एक्स्टेन्शन आलंय, आयकॉन दिसतोय, पण काम करत नाही. डिजिटल सिग्नेचर, स्कॅनर, फोन डायलर यांच्या बाबतीत एक्स्टेन्शन हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्रॅम, नेटिव्ह होस्ट. एक्स्टेन्शनच्या कन्सोलमधला (जिथे त्याच्या चुका नोंदल्या जातात) संदेश शब्दशः मागवा. ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट नॉट फाउंड’ असेल तर तो प्रोग्रॅम बसलेला नाही, किंवा चुकीच्या खात्यात बसलाय. युजरच्या लॅपटॉपवर आयटीवाल्याने स्वतःचं अ‍ॅडमिन लॉगिन देऊन इन्स्टॉलर चालवला की रजिस्ट्रीतली नोंद ‘करंट युजर’खाली, म्हणजे आयटीवाल्याच्या खात्यात जाऊ शकते. युजरचं क्रोम ती बघणार कशी? ‘अ‍ॅक्सेस … फॉरबिडन’ असेल, तर प्रोग्रॅम सापडलाय पण त्याच्या जेसन फाइलमधल्या (त्याच्यासोबत येणाऱ्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या) परवानगीच्या यादीत या एक्स्टेन्शनचा आयडी नाही. हे मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर हमखास होतं, कारण तेच एक्स्टेन्शन एजच्या स्टोअरमधून घेतलं तर आयडी सहसा वेगळा असतो. यादीत दोन्ही आयडी घाला.

जुनं एक्स्टेन्शन अपडेटनंतर अचानक बंद पडलं असेल, तर मॅनिफेस्टची, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलची, आवृत्ती तपासा. आवृत्ती २ ची एक्स्टेन्शनं पॉलिसीच्या आधाराने क्रोम १३८ पर्यंत चालली, १३९ पासून तो आधारही गेला. तिथे सॉफ्टवेअर कंपनीकडून नवी आवृत्ती मागण्याखेरीज उपाय नाही, आणि ते तिकीट युजरच्या नावावर उघडं ठेवू नका.