मधलं अक्षर

न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे ३ वाजतात तेव्हा माझ्याकडे कुकरची तिसरी शिट्टी होते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी १२:३० आणि हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे गेली की १:३०. बरोबर त्याच वेळेला न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी, म्हणजे इंग्रजी शब्द जुळवायचं रोजचं कोडं, नवीन येतं. पोळ्याच्या घरांसारखी मांडलेली सात अक्षरं, त्यातलं मधलं पिवळं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच हवं, शब्द कमीत कमी चार अक्षरी आणि अक्षरं कितीही वेळा वापरा, बास. ऑनलाइन ते २०१८ पासून आहे, मला चटक लागली लॉकडाऊनमध्ये, आणि आता आमटीला उकळी यायच्या आत दहा शब्द झाले नाहीत तर माझं जेवणात लक्ष नसतं.

परवा अक्षरं होती बी, ए, सी, ओ, एन, वाय आणि मध्ये एल. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. सुरुवातीचे शब्द धडाधड सुटले, कॉल, बॉल, लोन, लोकल, कॉलनी. मग लक्षात आलं की अरे हे तर आपल्याकडे मराठीत रोज बोलतात! लोकल चुकली, लोनचा हप्ता गेला का, कॉलनीत पाणी नाही. जे इंग्रजी शब्द घरात येऊन राहिलेत तेच आधी हाताला लागतात, बाकीचे पाहुण्यांसारखे बोलवावे लागतात. 'क्लॉय' घ्या, गोड गोड होऊन वीट येणे. हा शब्द मी आयुष्यात एकदाही तोंडाने उच्चारलेला नाही पण या खेळापायी पाठ आहे.

आणि डोक्यात मध्येच भलतंच काहीतरी येतं. ए, बी, ओ, एल, ए. अबोला! पाच अक्षरी म्हणजे चक्क पाच मार्क (चार अक्षरीला एकच मिळतो). नाही घेणार हे माहीत असून टाइप केलाच, आणि नाहीच घेतला. बरोबर आहे म्हणा, खेळ इंग्रजीचा. पण तिथे नान चालतो हो, भाकरी मात्र नाही. आणि अबोल्याला इंग्रजीत म्हणणार काय, सायलेंट ट्रीटमेंट? त्यात शिक्षा दिल्यासारखं वाटतं. अबोल्यात डबा वेळेवर भरला जातो, चहात आलंसुद्धा पडतं, फक्त "बाबांना सांग गॅस संपलाय" हे निरोप पोरांमार्फत जातात.

असो. कॅननबॉल सापडला, त्याचे १० मिळाले, मी स्वतःवरच खूश. पण पँग्राम काही सापडेना. पँग्राम म्हणजे ज्यात सातही अक्षरं येतात तो शब्द, अक्षरांचे सात आणि वर सात बोनस. एकूण मार्कांच्या ७० टक्क्यांना 'जीनियस' म्हणतात आणि मी त्याच्या जरा अलीकडे येऊन अडकलेले, अक्षरं उलटीसुलटी फिरवतेय, तोंडाने पुटपुटतेय.

आई लसूण सोलत शेजारी येऊन बसली. "कधीची काय गं बडबडतेयस?" तिला अक्षरं वाचून दाखवली. आईचं इंग्रजी पाचवीपासूनचं, पण पेपरातलं शब्दकोडं ती पेनाने सोडवते, पेन्सिलीने नाही, यावरून काय ते समजा. तिने दोन पाकळ्या सोलल्या आणि म्हणाली, "बाल्कनी बसतंय का बघ."

बसलं की! १४ मार्क!! आणि मी बसले होते कुठे, तर बाल्कनीत.

"अगं मग सुचलं कसं नाही मला?"

"कसं सुचेल? आपली ती गॅलरी. बाल्कनी थेटरात असायची, तिकीट महाग, म्हणून आम्ही आपले खाली बसायचो."

नंतर मी विचार करत बसले तेव्हा अजून एक गोष्ट सापडली, आपण 'बाल्कनी' म्हणताना त्यातला ओ गिळूनच टाकतो, मग ऐकून ऐकून शिकलेल्या माणसाला तो दिसणार कुठून. कॉलनीतला दुसरा ओसुद्धा असाच गायब.

मग आईला चेव आला, म्हणे आपलं मराठीत कर. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर क, म, ल, न, व, स काढले आणि मध्ये र. आधी काना-मात्रा बंद ठेवून बघितलं तर नरम, लवकर, कसर, वरवर, अगदी पहिलीच्या पुस्तकासारखं व्हायला लागलं. काना-मात्रा चालू केल्यावर मात्र धरणच फुटलं. नवरा, नवरी, सासर, करवली, आईच्या बाजूने तर अख्खं लग्नच लागलं! मग भांडण, 'कर्म' चालेल का? मी म्हटलं यात र कुठाय. आई म्हणे रफार होऊन डोक्यावर बसलाय तो, खाली नाही म्हणून नाहीच का? मान्य करावं लागलं. इंग्रजीत बिचारं अक्षर एकाच जागी एकाच आकारात उभं, आमचा र कधी डोक्यावर, कधी पायाशी.

सातही अक्षरांचा शब्द अजून सापडलेला नाही. आई म्हणते असेलच, नसायला काय झालं. कागद फ्रिजला चिकटवून ठेवलाय, येताजाता कोणीतरी भर घालतं. काल सकाळी बघितलं तर सगळ्यात खाली बाबांच्या तिरक्या अक्षरात एक नवीन शब्द होता, 'करमेना'.

आई दोन दिवस मावशीकडे गेली होती. मी बाबांना म्हटलं, हे काय हो? तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "का, बसत नाही का?"