दुसरा बल्ब लावला की पहिला मंद का होतो?

ऑनलाइन तासाला विजेचं सर्किट शिकवायचं असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी' हे सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) घ्या. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन मोफत आहे आणि फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. म्हणून ती आदल्या दिवशीच उतरवून घ्यायला सांगा.

'लॅब' हा भाग उघडा. बॅटरी ९ व्होल्टची असते आणि बल्ब १० ओहमचा. एकच बल्ब जोडला की धारा मोजणारा अ‍ॅमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. आता विचारा : दुसरा तसाच बल्ब समांतर जोडला, तर पहिल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? अंदाज वहीत लिहून झाल्याशिवाय कुणी माऊसला हात लावायचा नाही, इथे अजिबात सूट देऊ नका. नाहीतर मुलं नुसत्या तारा ओढत बसतात.

जोडून पाहिलं की उजेड तेवढाच राहतो. पण टॉर्चचे बल्ब आणि जुना, वापरलेला सेल घेऊन हेच केलं तर पहिला बल्ब मंदावतो. कारण जुन्या सेलला आतून स्वतःचाच रोध, म्हणजे अंतर्गत रोध असतो; सिम्युलेशनमधल्या बॅटरीत तो सुरुवातीला जवळजवळ शून्य असतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधली पट्टी सरकवून तो ५ ओहम करा. एका बल्बला धारा ०.६० अँपिअर, विभवांतर ६ व्होल्ट. दुसरा जोडताच बॅटरीतून ०.९० अँपिअर जातात, ९ पैकी ४.५ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात आणि प्रत्येक बल्बला उरतात ४.५ व्होल्ट. बल्बची शक्ती ३.६ वॅटवरून साधारण २ वॅटवर येते. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. माझ्या मते अख्ख्या तासाचं सार एवढ्यात आहे.

नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. तारेचं टोक जोडाला चिकटलेलं दिसतं, पण प्रत्यक्षात जरासं बाजूला असतं आणि धारा वाहतच नाही. व्होल्टमीटरची टोकं धातूला टेकली नाहीत की आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह येतं. लाल-काळं उलटं लागलं की उणे चिन्ह. अ‍ॅमीटर बल्बला समांतर लावला की बल्ब विझतो. अंतर्गत रोध शून्याजवळ असेल तर बॅटरीवर ज्वाळाही दिसतात, कारण अ‍ॅमीटरला रोध नसल्यात जमा आहे. ही चूक मुद्दाम करू द्या, मात्र फक्त पडद्यावर. मोबाइलची बॅटरी किंवा घरचा सॉकेट यांवर असा प्रयोग कधीही करायचा नाही, हे त्याच क्षणी बजावून सांगा.

आणखी एक मर्यादा : इथल्या नेहमीच्या बल्बचा रोध कायम १० ओहमच राहतो, त्यामुळे विभवांतर आणि धारा यांचा आलेख सरळ रेषेत येतो. टॉर्चच्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि रेषा वाकते. तेवढं एक मापन खऱ्या बल्बवर घेतलेलं बरं.