ख्रिस्ताच्या प्रकरणावर गाडी अडते तेव्हा: ईश्वरविज्ञान शिकतानाचा माझा अनुभव

एखाद्या विषयावर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पवित्र शास्त्र काय सांगतं ते गोळा करायचं, वचनं एकमेकांशी ताडून पाहायची आणि मगच मत मांडायचं, हे सुव्यवस्थित ईश्वरविज्ञानाचं काम. शास्त्र, देव, मनुष्य, पाप, ख्रिस्त, तारण, पवित्र आत्मा, मंडळी, शेवटच्या गोष्टी असा साधारण क्रम असतो. मंडळीत वाढलेल्या माणसाला मनुष्य आणि पाप ही प्रकरणं जड जात नाहीत. गाडी अडते ती ख्रिस्तापाशी. माझीही तिथेच अडली, आणि हे प्रकरण ज्या तऱ्हेने उरकलं जातं त्याची चीड अजून गेलेली नाही.

इ.स. ४५१ च्या खल्केदोन इथल्या बिशपांच्या परिषदेची व्याख्या फळ्यावर लिहिली जाते: एक व्यक्ती, दोन स्वभाव (म्हणजे देवपण आणि मनुष्यपण), पूर्ण देव, पूर्ण मनुष्य. पाठ करा, उत्तरपत्रिकेत उतरवा, पुढे चला. असं म्हणणं कोणत्या वचनांमुळे भाग पडलं, ते उघडून दाखवायला कोणाला वेळ नसतो. मग डोक्यात अर्धा देव आणि अर्धा मनुष्य असं काहीतरी बसतं, आणि ते पुढे उपदेशात उतरतं.

वाट निघाली ती वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर. डाव्या पानावर मनुष्यपण: योहान ४:६ मध्ये तो दमला, ११:३५ मध्ये रडला, लूक २:५२ मध्ये ज्ञानाने वाढला, मार्क १३:३२ मध्ये ‘तो दिवस’, म्हणजे त्याच्या पुन्हा येण्याचा, त्याला ठाऊक नाही. उजव्या पानावर देवपण: योहान १:१–३, ८:५८, २०:२८, इब्री १:३. काही वचनं मात्र एका पानात मावत नाहीत. मार्क ४:३८ मध्ये उशीवर झोपलेला जो आहे, तोच ३९ मध्ये वाऱ्याला धमकावतो. १ करिंथ २:८ मध्ये वधस्तंभावर खिळला जातो तो गौरवाचा प्रभू. ही वचनं दोन्ही पानांवर आडवी लिहा. कर्ता एकच आहे, हे तिथे दिसतं.

आता पाखंडांचा इतिहास वाचा, लगेच उलगडतो. आरियसने उजवं पान पुसलं, म्हणजे पुत्र हा निर्माण केलेला आहे असं शिकवलं. त्याला निकिया इथल्या परिषदेने ३२५ मध्ये उत्तर दिलं. अपोल्लिनारिसने ख्रिस्ताला मानवी मन नाकारलं. मग लूक २:५२ कुठे लिहिणार? ते मत ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नाकारलं गेलं. जे ख्रिस्ताने धारण केलं नाही ते बरं झालं नाही, असा त्या काळचा बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी, याचा युक्तिवाद होता, आणि मन तर आपल्यात सर्वांत आधी बरं व्हायला हवं. खल्केदोनचे चार नकारही मग नीट बसतात. मिश्रण नाही, बदल नाही, हे दोन स्वभाव मिसळून एक करणाऱ्या युटिकेसच्या मताविरुद्ध. विभागणी नाही, वियोग नाही, हे ख्रिस्ताला जणू दोन व्यक्तींत तोडणाऱ्या, नेस्टोरियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मताविरुद्ध.

सर्वांत जास्त अडवतं ते मार्क १३:३२. ‘ठाऊक होतं पण सांगितलं नाही’ म्हटलं की प्रभूच्या शब्दाला बाध येतो. ‘म्हणून तो देव नाही’ म्हटलं की उजवं पान जातं. अशा प्रत्येक वचनाला दोन प्रश्न विचारा. हे कोणाविषयी? नेहमीच त्या एका पुत्राविषयी. कोणत्या स्वभावानुसार? इथे मनुष्यस्वभावानुसार. आजाऱ्याच्या खाटेपाशी ‘देवाला माझं दुखणं काय कळणार’ असं ऐकावं लागतं, तेव्हा इब्री ४:१५ (आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला प्रमुख याजक) ठामपणे वाचता येतं ते एवढी मेहनत झालेली असली तरच.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायची होती: वचन वहीत घेण्यापूर्वी मागचा-पुढचा परिच्छेद वाचा. कलस्सै १:१५ मधला ‘ज्येष्ठ’ दाखवून ख्रिस्त निर्माण केलेला आहे असं दारावर येऊन सांगणारे भेटतात. त्यांना पुढचंच वचन वाचायला लावा: सर्व काही त्याच्याच द्वारे निर्माण झालं. आणि स्तोत्र ८९:२७ पाहा. इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा दावीद, त्याला देव ज्येष्ठ करीन म्हणतो; तिथे प्रश्न मानाचा आहे, जन्मक्रमाचा नाही.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत मिळतील, पण वचनं मराठी शास्त्रातूनच उतरवा. उपदेश आणि प्रार्थना त्याच भाषेत करायच्या आहेत. शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द शास्त्रात कुठे कुठे येतो त्याची यादी, जवळ ठेवा. तारणाच्या प्रकरणाला हात घालाल तेव्हा हीच वही उघडी असू द्या, कारण प्रायश्चित्ताच्या प्रत्येक मतापाशी वधस्तंभावर मरण पावला तो कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.