आधी मीठपाणी, मग पफर : आमच्या दुकानाची वाटचाल

मीठ लागणारा पफर (धोका वाटला की फुगणारा मासा) मीठपाण्याच्या तयारीशिवाय कुणाला द्यायचा नाही, असं ठरवून धंदा करणारं ठाण्यात आमच्या माहितीत आमचं एकच दुकान आहे. २००४ साली एका बोळवजा गाळ्यात सुरुवात केली तेव्हा गप्पी, मॉली, गोल्डफिश एवढाच माल असायचा. पहाटे कुर्ल्याच्या बाजारातून पिशव्या आणायच्या आणि संध्याकाळपर्यंत खपवायच्या. एकदा कोलकात्याच्या लॉटमध्ये हिरव्या ठिपक्यांचे पफर आले. बाजारात ते ‘गोड्या पाण्यातले’ म्हणून देत होते. आजही देतात, आणि म्हणूनच हे सगळं लिहून ठेवतोय.

ग्रीन स्पॉटेड पफर हा खाडीतोंडाचा, खारफुटीतला मासा. लहानपणी तो कमी खारट पाण्यात असतो आणि वाढेल तसं त्याला जास्त मीठ लागतं. मीठ वाढेल तशी पाण्याची घनता वाढते, साध्या पाण्याची १.०००. पिल्लाला १.००५ ची घनता चालते, मोठ्याला १.०१५ च्या पुढे न्यावी लागते. फिगर एट नावाचा दुसरा पफर जन्मभर १.००५ ते १.००८ मध्ये सुखी असतो. केरळातल्या नद्यांतला इवलासा मलबार पफर मात्र पूर्ण गोड्या पाण्यातला, त्याला मीठ नको. हे तीन मासे एकाच टँकमध्ये ‘मिक्स पफर’ म्हणून ठेवलेले दिसले की त्या दुकानातून काही घेऊ नका.

गोड्या पाण्यात ग्रीन स्पॉटेड लगेच मरत नाही, हेच वाईट. काही महिने खातो, काचेशी येऊन तुमच्याकडे बघतो. मग पांढरं पोट राखाडी पडायला लागतं, भूक जाते, आणि गिऱ्हाईक समजतं की आपलंच काहीतरी चुकलं. विकणारा तोवर विसरलेला असतो.

आमच्या धंद्याला वळण दिलं दोन माणसांनी. पहिली बाजारात बसणारी कोळीण मावशी. कोळंबी कवचासकट, छोट्या चिंबोऱ्यांच्या नांग्या, तिसऱ्या (छोटे शिंपले), सगळं तिच्याकडून यायचं. पफरचे दात आयुष्यभर वाढतात. टणक काही फोडायला मिळालं नाही तर वाढून तोंड मिटेनासं होतं आणि मासा उपाशी मरतो. मी तिसऱ्या कशाला नेतो हे कळल्यावर मावशी म्हणाली, “आरं बाला, केंड जाल्यान् आला का आमी फेकून देतो, आन् तू यो इकतोस?” केंड म्हणजे समुद्रातला पफरच, तो जाळी कुरतडतो, कोळ्यांना तो शत्रूच. तरी दुसऱ्या दिवसापासून ती अंगठ्याच्या नखाएवढ्या तिसऱ्या वेगळ्या काढून ठेवायला लागली. त्या आकाराचं महत्त्व मी तिला सांगितलं नव्हतं.

दुसरे म्हणजे काका. शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, निवृत्तीनंतर एक ग्रीन स्पॉटेड घेऊन गेले. आठवड्याने परत आले ते काचेचा हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायचं साधन) आणि उभा जार घेऊन. आमच्या काउंटरवर तेव्हा काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असायचा. काकांनी तो भरला, काट्याला चिकटलेला बुडबुडा दाखवला, टिचकी मारून तो सोडवला आणि आकडा खाली आलेला दाखवला. “तुम्ही माशाला बुडबुड्याच्या भरवशावर ठेवताय,” म्हणाले. पुढे आम्ही रिफ्रॅक्टोमीटर (उजेडावरून घनता मोजायचं साधन) घेतला तेव्हा तो शून्यावर लावायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर काकाच घेऊन आले. प्रिझमवर दोन थेंब, झाकण बसवायचं, खाली हवा राहू द्यायची नाही, थोडा वेळ थांबायचं आणि मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ वाचायची. आजही दुकानात रोज सकाळी हे होतं. जाताजाता सांगतो, द्राक्षाची गोडी मोजायचा ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. आमच्याकडे असे कितीतरी जण तो घेऊन येतात.

आता एका हॉटेलचं सांगतो. २०१३ साली घोडबंदर रोडवरच्या एका मासळीच्या हॉटेलला दर्शनी भागात पफरचा टँक हवा होता. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, म्हणजे साडेसहाशे लिटर पाणी. एवढं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. काच, स्टँड, दोन कॅनिस्टर फिल्टर उधारीवर उचलले. तळाला कोंबडीच्या खाद्यासाठी मिळतो तो शिंपल्यांचा चुरा धुऊन घातला. प्रवाळ वन्यजीव कायद्यात येतं, आम्ही त्याला हात लावत नाही, आणि पीएच वर ठेवायचं काम चुरा तितकंच चोख करतो. मासे नसताना टँक चालवला, माशांच्या घाणीतलं विष पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये बसू दिले, घनता आठवड्याला ०.००२ ने चढवून १.०१५ ला आणली. बॅक्टेरियालाही मीठ हळूहळूच सोसतं. तेरा किलो मरीन सॉल्ट (समुद्रासारखं पाणी करायचं तयार मीठ) लागलं. मग चार मासे सोडले. काका रोज संध्याकाळी चालत जाऊन बघून यायचे.

वार्षिक देखभालीचं कोटेशन द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या जवळच्याच एका दुकानदाराने निम्म्या पैशांत काम उचललं. नाव लिहीत नाही, ठाण्यातल्या जुन्या हौशी लोकांना माहीत आहे. निम्म्यात कसं परवडलं, त्याचा हिशोब सोपा आहे. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं म्हणजे त्यात तीन किलोच्या वर मरीन सॉल्ट जातं. ते त्याने घातलंच नाही. नळाचं पाणी, क्लोरीन मारायचे हायपोचे खडे आणि मूठभर जाडं मीठ, एवढ्यावर काम चालवलं. वर हॉटेलमालकाला सांगितलं की आधीचे लोक मिठाचे पैसे उकळत होते.

पफरला इतर माशांसारखे खवले नसतात, खराब पाणी त्याला आधी लागतं. दोन महिन्यांत दोन मासे गेले. मालकाचा फोन मला आला, “तुमचा माल सडका होता.” मी काकांना घेऊन गेलो. रिफ्रॅक्टोमीटरने १.००२ दाखवलं. काकांच्या वहीत आम्ही टँक सोपवला त्या दिवशीचा आकडा होता १.०१५, तारखेसकट. त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर मालकासमोर मांडून दाखवलं : पाव पाणी बिनमिठाचं बदललं की पाऊण मीठ उरतं, त्यातलं पुन्हा पाऊण, चार आठवड्यांत तिसऱ्या हिश्श्याच्या खाली, आठ आठवड्यांत दहावा हिस्सा. गणितात वाद घालायला जागा नव्हती. मालक म्हणाला, “काका, मासे यांनी दिले, तेव्हा जबाबदारी यांची.” आमची उरलेली रक्कम त्याने आजतागायत दिलेली नाही.

उरलेले दोन मासे मी मागितले, तेही दिले नाहीत. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. त्या दुकानदाराने बाजारात पसरवलं की आमच्याकडचे पफर मरतात. होलसेलवाल्यांनी उधारी बंद केली. काचवाल्याचे पैसे थकले, भाडं थकलं. बायकोची भिशी लागली ती सगळी भाड्यात गेली आणि ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मावशीने त्या काळात कधी रोख मागितलं नाही. “मासं उपाशी ठेवू नको,” एवढंच म्हणायची. पफर बंद करून पुन्हा गोल्डफिशवर जा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मी ऐकला नाही याचा मला अभिमान आहे.

दुकान तरलं ते काकांच्या माशामुळे. आणला तेव्हा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा होता, तो आता तळहातभर झाला होता, आणि त्याचे वरचे दात वाढून खालच्यांवर आले. काका मग घेऊन आले. पफर जाळीने उचलायचा नाही, हवेत फुगला तर पोटातली हवा निघणं कठीण. पाण्यातच मगमध्ये घ्यायचा. लवंगेच्या तेलाने त्याला शांत केलं (प्रमाण इथे लिहीत नाही, बघून शिकायची गोष्ट आहे), ओल्या कपड्यात धरला आणि नखांच्या कडा काढायच्या बारीक कात्रीने वरच्या दोन दातांची टोकं उडवली. कट्कन आवाज येतो. लगेच साध्या पाण्यात, म्हणजे त्याच्याच टँकच्या पाण्यात सोडला. कल्ले हळूहळू जोरात हलायला लागले. संध्याकाळी त्याने तिसरी फोडली. त्या वेळी दुकानात उभ्या असलेल्या पोरांनी हे पाहिलं, त्यांनी मित्रांना सांगितलं, आणि मुलुंड, कळव्याहून लोक पाणी तपासायला बाटल्या घेऊन यायला लागले. त्यांच्यातूनच पुढची गिऱ्हाइकं झाली.

नंतरची वर्षं नीट गेली. शेजारचा गाळाही घेतला.

काकांच्या वहीवरून आम्ही मिठाचा तक्ता छापून घेतला : वय, घनता, लिटरमागे मीठ. तोच तक्ता त्या दुकानदाराच्या काचेवर त्याच्या शिक्क्यासह लागलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या गिऱ्हाइकांच्या माशांना त्याचा उपयोग होत असेल तर होऊ दे, पण तो आकडा कुणाच्या वहीतला आहे हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. काका आता नाहीत. वही त्यांच्या मुलाने आम्हाला दिली, ती काउंटरच्या खणात आहे, मागितलीत तर दाखवतो.

सध्या १.००५ आणि १.०१५ असे दोन वेगळे सिस्टिम चालू आहेत. ग्रीन स्पॉटेड न्यायचा असेल तर एका माशाला किमान सव्वाशे लिटरचा टँक सायकल होऊन, म्हणजे फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसून, तयार हवा, आणि अमोनिया, नायट्राइट (घाणीतून होणारी विषं) शून्य दाखवणारं पाणी सोबत आणा, त्याशिवाय मासा देत नाही. खाऱ्या पाण्यात पीएच वर असतो, तिथे थोडा अमोनियाही जास्त विषारी ठरतो. सोबत दुसरे मासे ठेवायचा आग्रह धरू नका, शेपट्या कुरतडल्या जातील. आमच्याकडून काही घेतलं नसलं तरी पाणी मोफत तपासून देतो. बाटली साबणाने धुऊ नका, टँकच्याच पाण्याने दोनदा खळबळून भरा. मंगळवारी बंद असतं.