वीतभर पट्टी आणि नऊ हजार लिटर पेट्रोल

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ला टेकतो, तेव्हा १५ अंशांच्या हवेच्या मानाने घनता साडेनऊ टक्के कमी झालेली असते. मोटरसायकलवाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण २९ टनांहून जड, चार इंजिनांचं लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर विमान, धावपट्टीवरून उचलायचं असेल, तर हे साडेनऊ टक्के अंगावर येतात. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो त्याची ताकद बरीचशी सांभाळून घेतो, पण पंखाला टर्बो नसतो. उचल मिळवायला वेग सुमारे पाच टक्के जास्त लागतो आणि धाव दहा टक्क्यांहून अधिक लांबते. बंगालमधल्या सालबनी, दिग्री या तळांवरून उन्हाळ्यात ब्रह्मदेशाकडे निघणाऱ्यांच्या हिशेबाची सुरुवात इथूनच व्हायची.

कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर पहिल्यांदा उडालं २९ डिसेंबर १९३९ला, सॅन डिएगोत. पुढे अठरा हजारांवर विमानं बनली. मिशिगनमधल्या विलो रनच्या फोर्ड कारखान्यातून तर भरात तासाला एक बाहेर पडायचं. नाव मात्र त्याच काळातल्या दुसऱ्या अमेरिकन बॉम्बरचं, बी-१७चं झालं. ते दिसायला देखणं आणि मार खाऊन परतणारं. लिबरेटर म्हणजे चौकोनी डबा. पण लांबचा पल्ला बघायचा तर माझं मत लिबरेटरला.

त्याचं श्रेय पंखाला. टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, आणि रुंदीला अरुंद. असा पंख हवा कमी अडवतो, म्हणून तेवढ्याच इंधनात जास्त अंतर कापतो. मात्र त्यावर बर्फ धरला किंवा जास्त वजन घेऊन उंचावर गेलं, की विमान ढिलं पडतं, सुकाणूला दाद देत नाही.

पंखातल्या मुख्य टाक्यांत जवळपास ८,९०० लिटर पेट्रोल. नुसत्या इंधनाचं वजन सहा टनांच्या वर. साध्या चालीत चारही इंजिनं मिळून तासाला साडेसातशे लिटरच्या आसपास पितात. लांबच्या फेरीला बॉम्बच्या कप्प्यातही टाक्या बसवत, म्हणजे पेट्रोल वाढलं तितके बॉम्ब कमी. इंधन किती उरलं हे बघायला काचेच्या नळ्या. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या टाकीला पातळी दाखवणारी नळी असते ना, त्याच जातीच्या. विमान सरळ समतल असेल तेव्हाच त्या खरं सांगतात. सांधे गळायचे आणि बॉम्बच्या कप्प्यात वाफ साठायची. म्हणून कप्प्याचे दरवाजे थोडे उघडे ठेवून उडायची सवय बऱ्याच क्रूंना होती. एका टाकीतून दुसरीत पेट्रोल घेताना रेडिओ आणि नको ती विजेची बटणं बंद. एक ठिणगी पुरे.

हे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत विमानाच्या अंगावर चढतात. हवेला अडसर कमी, पण पत्रा पातळ. माणूस त्यावर पडला तर दरवाजासकट खाली. पुढून मागे जायला कप्प्याच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, रुंदी नऊ इंच. आपली वीत. पॅराशूट बांधून त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना बॉम्ब टांगायच्या घोड्यांत अंग अडकायचं. समुद्रात उतरावं लागलं, तर हेच हलके दरवाजे आधी आत दबायचे आणि धड मोडायचं. दहा-एक जणांचा क्रू, त्यातले मागचे वाचणं कठीण.

इंजिन सुरू करायचं ते आधी पंखा हाताने फिरवून. चौदा सिलिंडर गोलात, त्यामुळे रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत उतरतं. तेल काही दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि तो लगेच तुटतोच असं नाही, चार तासांनी समुद्रावर तुटतो. म्हणून इग्निशन बंद ठेवून पाती एकेक करून ओढायची. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचं. पहिलं इंजिन तीन नंबरचं, कारण हायड्रॉलिक पंप त्यावर. मग चार, दोन, एक. जमिनीवर काउल फ्लॅप, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा, पूर्ण उघडे. उड्डाणाला ते बरेचसे मिटायचे, नाहीतर शेपूट थरथरतं.

ऑक्टोबर १९४४मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या १५९ स्क्वाड्रनने मलायातल्या पेनांग बंदरात पाणसुरुंग टाकले. जाऊन-येऊन सुमारे ३,००० मैल. भुसावळ-मुंबई पाच वेळा जाऊन-येऊन केलं तरी अंतर उरतं, आणि वाटेत बहुतेक पाणीच. तिथे शौर्याइतकंच कामी आलं ते विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्नचं इंधनाचं गणित. अशा लांब फेरीत इंजिन कमी फेऱ्यांवर आणि पातळ मिश्रणावर, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी असं चालवायचं. फार पातळ केलं तर सिलिंडरचं डोकं तापतं आणि पिस्टनला भोक पडतं.

ब्रिटिशांनी अमेरिकेकडून उधारीवर घेतलेली ही विमानं युद्ध संपल्यावर परत तरी द्यायची नाहीतर निकामी करायची, असा करार होता. कानपूरला ती रांगेने उभी करून पत्रे फोडले, यंत्रं ठेचली, इंजिनांत वाळू ओतली. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोहोचला की इंजिन मेलंच. पंखा वरवर फिरतो, पण तेवढ्याने काही कळत नाही. सगळं उघडून धुवावंच लागतं. १९४८मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे एचएएलच्या लोकांनी एकाचं इंजिन दुसऱ्याला, तिसऱ्याचा पत्रा चौथ्याला असं करत त्यातली चाळीसच्या आसपास उडण्याजोगी केली. टेस्ट पायलट जमशेद मुन्शींनी ती बंगळुरूला नेली आणि तिथे त्यांची पक्की दुरुस्ती झाली. नोव्हेंबरात भारतीय हवाई दलाचं ५ नंबर स्क्वाड्रन त्यांवर उभं राहिलं. १९५१पासून ६ नंबरचं स्क्वाड्रन पुण्याहून समुद्रावर गस्त घालू लागलं. शेवटची लिबरेटरं निवृत्त झाली १९६८ला, अमेरिकेने आपली कधीच मोडीत घातल्यावर.

त्यांतलं एक अमेरिकेत फोर्ट वर्थला १९४४मध्ये बनलेलं. १९८१मध्ये ते इंग्लंडला विकलं गेलं, तिथून अमेरिकेत आलं आणि १९८९मध्ये पुन्हा उडालं.